पार्किंग लॉटमधलं रुखवत

मला डाग बघवत नाही. हा गुण की खोड, यावर आमच्या घरात तीस वर्षं वाद चालू आहे. मी सोलापूरची. आमच्या घरामागे चादरींना रंग द्यायचा कारखाना होता आणि माझं बालपण तिथल्या बायकांच्या मागे मागे गेलं, त्यामुळे कुठला डाग कशानं जातो हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. हळद उन्हानं जाते, शाई दुधानं, तेल पिठानं, रक्त गार पाण्यानं. इथं टेक्सासात, शुगर लँडच्या आमच्या मराठी मंडळात कुणाच्या साडीवर आमटी सांडली की फोन ड्रायक्लीनरला जात नाही, मला येतो. याचा मला भारी अभिमान होता. होता म्हणतेय, नीट ऐका.

गेल्या वर्षी मुलीचं लग्न ठरलं. मुलगा इथलाच, टेक्सासचा, दोघं एकाच कॉलेजात होते. उंच, गोरा, मला 'आई' म्हणताना 'आ' एवढा लांबवतो की डॉक्टरला घसा दाखवतोय असं वाटावं. पण पोरगा गुणी. त्याची आई, म्हणजे माझी होणारी विहीण, शाळेत गणित शिकवून रिटायर झालेली. कमी बोलणारी बाई. मी भरपूर बोलणारी, त्यामुळे आमचं बरं जमायचं. मग तिचे मिस्टर गेले. डिसेंबरात आजार कळला आणि मार्चमध्ये सगळं संपलं.

या घरात कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलचं फार प्रस्थ. मॅच असली की ही मंडळी स्टेडियमच्या पार्किंग लॉटमध्ये सकाळपासूनच तंबू ठोकतात, शेगड्या पेटवतात, झेंडे लावतात आणि मॅच सुरू होईपर्यंत खातपीत बसतात. याला टेलगेट म्हणायचं. डिकी उघडून उन्हात जेवायची ही कसली हौस, असं मला आधी वाटायचं. विहीणबाईंच्या घरचा तंबू बावीस वर्षं एकाच दिव्याच्या खांबाखाली लागत होता. यंदा मी जाणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. मुलानं खूप मनवलं, निदान पहिल्या मॅचला तरी चल म्हणाला. तेव्हा त्या कबूल झाल्या, पण म्हणाल्या, सजावटीचा डबा माझ्याच्यानं उघडवणार नाही, ते दुसऱ्या कुणीतरी करा.

आमची कन्या तिथंच बसलेली. म्हणाली, माझी आई करेल, मंडळाच्या गणपतीचं डेकोरेशन तीच करते.

झालं. मी काय, तयारच. मुलीच्या सासरचं पहिलं कार्य आणि मांडामांड माझ्याकडे. मला ते टेलगेट दिसेचना, मला रुखवत दिसायला लागलं. वरपक्षानं बघावं आणि तोंडात बोट घालावं असं रुखवत. विहीणबाईंनी गॅरेजमधून प्लास्टिकचा मोठा डबा आणून माझ्या हातात दिला. देताना त्यांनी तो जरा जास्तच वेळ धरून ठेवला होता. "सगळं आत आहे," त्या म्हणाल्या, "आहे तसं लावलं की झालं." परत येताना गाडीत मुलीनं पुन्हा बजावलं, "आई, जस्ट ॲज इट इज. प्लीज." मी हो म्हटलं. आयुष्यात मी एकही गोष्ट आहे तशी लावलेली नाही, हे तिलाही माहीत होतं.

घरी डबा उघडला. झेंडे, दिव्यांच्या माळा, गंजलेल्या क्लिपा आणि तळाशी घडी घातलेलं टेबलक्लॉथ. चांगलं जाड, पांढरं कापड, कडेला टीमच्या रंगाचा हिरवा काठ, टेबल झाकून खाली लोंबेल एवढं मोठं. कापड एक नंबर, पण त्याची दशा काय सांगू. धुराचा, चरबीचा आणि शिळ्या बिअरचा वास. आणि डाग तर असे की पांढरं कुठं आहे ते शोधावं लागत होतं. मी ते चिमटीत धरून गॅरेजमध्ये नेलं. असं पारोसं कापड विहिणीच्या दारी अंथरायचं? बिचारीला वर्षभरात हात लावायला झालं नसेल, असं मी ठरवून टाकलं. कुणाला विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

नवऱ्याच्या आलं. तो म्हणाला, "अगं, फोन करून विचार तरी."

"डाग काढायला कुणाची परवानगी लागते?" मी म्हटलं.

तीन दिवस मी त्या कापडाशी झुंजले. शुक्रवारी ऑफिसातून आल्या आल्या भिजत घातलं आणि रविवारी संध्याकाळी उन्हातून उचललं. एकेक डाग वेगळा धरून काढला, कारण प्रत्येकाची जात वेगळी. कुठं लिंबू-मीठ, कुठं व्हिनेगर, कुठं नुसता साबण आणि अंगठा. मागे एकदा मी अंगणात साड्या वाळत घातल्या तर सोसायटीचं पत्र आलं होतं, म्हणून या वेळी कुंपणाच्या आत, खुर्च्यांवर पसरलं. रविवारी ते बगळ्याच्या पंखासारखं झालं. शेवटच्या पाण्यात मी लॅव्हेंडरचं सॉफ्टनर घातलं, कडक इस्त्री केली आणि नवऱ्याला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, वा. त्या 'वा'मध्ये काही दम नव्हता, पण मी लक्ष दिलं नाही.

मॅचच्या दिवशी सकाळी सहाला निघालो. कॉलेजचं गाव दोन तासांवर. नवरा गाडी चालवत होता, मुलगी मागे, आणि डिकीत माझं रुखवत. बेसनाच्या लाडवांचा केलेला फुटबॉल, त्यावर आयसिंगचे टाके. शंकरपाळ्यांचं स्टेडियम. हिरव्या-पांढऱ्या कागदाची तोरणं. टेबलक्लॉथ मी मांडीवर घेतलं होतं, घडी मोडू नये म्हणून. मुलगा आणि विहीणबाई दहाच्या सुमाराला ट्रकमधून शेगडी घेऊन येणार होते.

अर्धा तास झाला असेल. मुलगी सहज बोलावं तसं बोलायला लागली. तिचं अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी असतं. म्हणाली, "आई, तुला माहितीये का, ते टेबलक्लॉथ त्यांनी कधीच धुतलेलं नाहीये. नेव्हर. बावीस वर्षं."

मी मांडीवरची घडी दोन्ही हातांनी दाबून धरली.

ती सांगत गेली. पहिल्या वर्षी टीम शेवटच्या क्षणी जिंकली तेव्हा टेबलावर हे कापड होतं. धुतलं तर नशीब धुऊन जाईल, म्हणून तिच्या सासऱ्यांनी ते धुऊ दिलं नाही. पुढं नशिबाचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही, पण डाग साठत गेले. हा अमक्या वर्षीचा, हा तमक्यानं सांडला. दर वर्षी पहिल्या मॅचला ते हातात बिअर घेऊन उभे राहायचे आणि नव्या पाहुण्याला एकेक डाग वाचून दाखवायचे, जसा आपण आल्बम दाखवतो तसा. तिलाही त्यांनी असंच दाखवलं होतं. दीड तास लागला, म्हणाली, आणि मला एकदाही कंटाळा आला नाही.

"आज त्यांच्या जागी ती वाचणार आहे," मुलगी होणाऱ्या सासूबद्दल म्हणाली. "म्हणून तर ती येतेय. मला म्हणाली, फोटोत तो फोटोसारखा हसतो. त्या कापडावर तो खरा आहे."

मांडीवरच्या कापडाला लॅव्हेंडरचा वास येत होता. नवऱ्यानं एकदा माझ्या मांडीकडं पाहिलं, एकदा रस्त्याकडं, आणि एसी वाढवला. त्याला कळलं होतं. त्यानं 'मी सांगितलं होतं' असं म्हटलं असतं तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते. तो गप्प बसला.

आणि मीही मूग गिळून बसले. दीड तास होता. दीड तासात मला शंभर वेळा सांगता आलं असतं, बाळा, माझ्या हातून असं असं झालंय. एरवी माझी जीभ टाळ्याला लागत नाही. त्या दिवशी ती टाळ्यालाच चिकटून बसली. मला मुलीची भीती वाटली. पन्नाशी उलटलेली बाई मी, आणि मागच्या सीटवर बसलेल्या पोरीची भीती.

लॉटमध्ये पोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते आणि डांबर तापायला लागलं होतं. चारी बाजूंनी तंबू, धूर, ढोल वाजवत फिरणारी कॉलेजची पोरं. आमचा खांब सापडला. नवरा आणि मुलगी तंबू उभा करत होते, मी तोरणं बांधत होते. मुलगी तेवढ्यात बर्फ आणायला गेली. मी नवऱ्याजवळ गेले.

"काय करू?"

"सांग."

"घरी विसरलं म्हणू?"

"आणि उद्या त्यांनी मागितलं की?"

"अरे, मग काय करू ते सांग ना."

"तेच सांगितलं," तो म्हणाला आणि तंबूची दोरी ताणायला वाकला.

टेबल उघडं ठेवून बाकी सगळं मांडून झालं. शंकरपाळ्यांचं स्टेडियम आणि लाडवांचा फुटबॉल मी खुर्चीवर ठेवला होता. टेबल मोकळंच बघून मुलगी परत आल्या आल्या म्हणणार, क्लॉथ कुठंय. म्हणून मी ते पसरलं. घडीच्या रेषा सुद्धा सरळ आल्या. उन्हात ते एवढं पांढरं दिसत होतं की डोळे दिपावेत. तंबूत दुसरं काही दिसतच नव्हतं.

शेजारच्या तंबूतले एक काका आले. मी मनातल्या मनात सगळ्यांनाच काका करते. सत्तरीचे, पोट सुटलेले, डोक्यावर टीमची टोपी, हातात चिमटा. बावीस वर्षांचे शेजारी आहोत, म्हणाले, काही लागलं तर सांगा. बोलता बोलता त्यांचं लक्ष टेबलाकडं गेलं.

"नवीन घेतलं?"

मी म्हटलं, "तेच आहे."

त्यांनी वाकून हिरवा काठ बघितला. काठावर एका ठिकाणी उसवलेलं होतं, तिथं बोट लावलं. मग टोपी काढून हातात घेतली आणि आपल्या तंबूत निघून गेले. एखाद्याच्या दारात जाऊन परत फिरतात तसे.

त्यानंतर मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. टेबलाच्या कडेला सॉसच्या बाटल्या होत्या. मी मस्टर्डची, म्हणजे मोहरीच्या पिवळ्या सॉसची बाटली उचलली. मला वाटलं, डाग काढता येतो तसा घालताही येईल. कुठं कुठं काय होतं ते मला पक्कं आठवत होतं. चार-पाच डाग घातले, थोडी कॉफी शिंपडली, उन्हात वाळलं की जुनं दिसेल. डोळ्यांत पाणी असलेल्या बाईला काय कळणार आहे. हे मी खरोखर मनात म्हटलं. डावीकडच्या कोपऱ्यात मी बाटली दाबली.

"आई. व्हॉट आर यू डूइंग?"

मुलगी बर्फाची पिशवी घेऊन उभी होती. तिनं आधी मला पाहिलं, मग बाटली, मग कापड. कापडावर तिचे डोळे या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. पिशवी तिनं हळूच खाली ठेवली. मी बोलायला लागले, अगं मला माहीत नव्हतं, मला वाटलं बाईला जमलं नसेल, मला कुणी सांगितलंच नाही.

"मी सांगितलं होतं," ती मराठीत म्हणाली. माझी मुलगी भांडते इंग्रजीत. नुसत्या मराठीत ती फक्त आजारी असताना बोलते. "आहे तसं लाव म्हटलं होतं. तू ऐकत नाहीस, आई. तुला सगळं आमच्यापेक्षा जास्त कळतं. मी तिला शब्द दिला होता, माझी आई सांभाळेल म्हणून."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं आपण हसत म्हणतो. हसण्यासारखं त्यात काही नसतं. ओल्या टिश्यूनं मी ती मोहरी पुसली तर ती आणखी पसरली. चाळीस वर्षं डाग काढणारी मी, आणि मला ते पिवळं निघेना. मुलगी म्हणाली, "राहू दे. आता कशालाच हात लावू नकोस."

दहाला पाच कमी असताना ट्रक आला.

जावई उतरला, मला हात केला, "आऽई" म्हणाला आणि शेगडी उतरवायला मागे गेला. विहीणबाई दुसऱ्या बाजूनं उतरल्या. अंगात नवऱ्याचा टीमचा शर्ट, मापाला मोठा, बाह्या दुमडलेल्या. तोरणांकडं बघून त्या हसल्या. लाडवांच्या फुटबॉलकडं बघून माझ्याकडं वळल्या, बहुतेक काही छान बोलणार होत्या. मग त्यांना टेबल दिसलं.

त्या टेबलापर्यंत चालत आल्या. हात ठेवला. हात फिरवला. मग दोन्ही हातांनी कापडाची कड उचलून तोंडाशी नेली आणि वास घेतला. मी समोरच उभी होते. लॅव्हेंडर त्यांच्या नाकात गेला ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी कड खाली सोडली, नीट केली, आणि परत जाऊन ट्रकमध्ये बसल्या. दार लावून घेतलं.

जावयाला काही कळेना. मुलगी त्याला बाजूला घेऊन गेली. त्यानं लांबून टेबलाकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलंच नाही. तो आईपाशी गेला, काचेतून दोन शब्द बोलला आणि परत आला. "शी नीड्स अ मिनिट," तो हवेत म्हणाला. आजूबाजूला गाणी वाजत होती, पोरं चेंडू फेकत होती, आणि आमच्या तंबूत चार माणसं चार कोपऱ्यांत उभी होती. मला वाटलं, जमीन दुभंगावी. डांबर कसलं दुभंगतंय.

मग मी गेले. मुलगी म्हणाली, नको जाऊ. नवरा म्हणाला, जाऊ दे तिला.

मी ट्रकचं दार उघडून शेजारी बसले. आत एसी चालू होता. जे बोलले ते सरळ बोलले, कारण सजवून बोलायला इंग्रजीत मला कधीच जमलेलं नाही. म्हटलं, मी धुतलं. मला कुणी चुकीचं सांगितलं नव्हतं, उलट आहे तसं ठेवायला सांगितलं होतं. मला ते घाण वाटलं आणि मी धुतलं. आज सकाळी गाडीत मला कळलं, तरी मी लपवलं. तुम्ही यायच्या आधी मी खोटे डाग पाडायला निघाले होते. डाव्या कोपऱ्यात पिवळं आहे, ते माझं.

त्या समोरच्या काचेतून बघत होत्या. काचेवरची नजर न काढता म्हणाल्या, "मस्टर्ड?"

"हो."

"तो मस्टर्ड खायचाच नाही. त्याला वासही सहन व्हायचा नाही."

मला रडू फुटलं. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मी तुम्हाला इट्स ओके म्हणणार नाही."

"म्हणू नका," मी म्हटलं.

मग गणिताच्या बाईनं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "सगळे काढलेत? एकदम, मशीनमध्ये?"

"नाही. मशीननं निघाले नसते. हातानं. एकेक करून."

"एकेक करून," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडं वळून पाहिलं. "म्हणजे कुठं काय होतं ते तुम्हाला आठवतंय?"

मला आठवत होतं. ज्या डागाशी तुम्ही दोन तास घालवता तो विसरत नाही. मी हो म्हटलं. त्या ट्रकमधून उतरल्या, पेल्यांवर नावं घालायला ठेवलेला हिरवा मार्कर उचलला आणि टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या. "दाखवा," म्हणाल्या.

मी उजव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. इथं कॉफीचं कडं होतं, पूर्ण गोल नाही, एका बाजूला तुटलेलं. त्यांनी गोल काढला. "माझे सासरे," त्या म्हणाल्या, "बशी कधी घ्यायचे नाहीत," आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं. इथं लांबट, तपकिरी, खालपर्यंत ओघळलेला, चिकट, व्हिनेगरनं गेला. "बार्बेक्यू सॉस. हा सहा वर्षांचा होता, ताट घेऊन पळत आला." जावई जवळ येऊन उभा राहिला. इथं छोटा, जांभळा. तो कुणालाच ओळखता येईना. मग शेजारचे टोपीवाले काका मागून म्हणाले, तो माझा, ब्लॅकबेरी पायचा तुकडा पडला होता, मी कुणाला सांगितलं नव्हतं. एकदोनदा त्यांचा गोल चुकला. मी म्हटलं, इथं नाही, दोन बोटं उजवीकडं. म्हटलं, एवढा मोठा नव्हता, बटणाएवढा होता. त्या माझं ऐकायच्या आणि दुरुस्त करायच्या. मला कुणी इतकं ऐकण्याची सवय नाही.

टेबलाच्या एका बाजूला, लोंबणाऱ्या कडेला, मी थांबले. म्हटलं, इथं तेलकट होतं. खूप जुनं, थरावर थर. चार बोटं आणि अंगठा. याला मी डाळीचं पीठ लावून एक दिवस ठेवलं होतं.

"इथं?"

"इथंच. आतल्या बाजूनं."

"ही त्याची खुर्ची," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षं मी त्याला सांगत होते, हात टेबलक्लॉथला पुसू नकोस. तो शपथ घेऊन सांगायचा, मी पुसत नाही." त्यांनी कड उलटून आत पाहिलं. तिथं काही नव्हतं. तिथं त्यांनी स्वतःचा पंजा ठेवला आणि त्याच्या भोवती रेघ काढली. मग त्या खाली वाकल्या त्या वाकूनच राहिल्या, आणि हसताहेत की रडताहेत ते आम्हाला कळेना. मुलगी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

बारा वाजून गेले. शेगडी पेटलीच नव्हती. कापड हिरव्या गोलांनी भरत आलं होतं, त्यांच्या अक्षरांनी. मधला भाग तेवढा राहिला होता. मी मुद्दामच तिकडं वळत नव्हते.

"आणि इथं," त्या म्हणाल्या. या वेळी त्यांनी मला विचारलं नाही, मार्करचं टोक आधीच टेकवलं होतं. "नोव्हेंबरमधली शेवटची मॅच. खिम्याच्या चिलीचा अख्खा बाऊल सांडला त्याच्या हातून. हात थरथरला होता. मी बघितलं होतं. पण आम्ही सगळे म्हणालो, कुणाचातरी धक्का लागला. तोही तेच म्हणाला. हा काढायला तुम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला असणार."

सकाळपासून मी पुरेसं खोटं वागले होते.

"नाही," मी म्हटलं. "तो सगळ्यात ताजा होता. तो पहिल्याच पाण्यात गेला."

मार्कर थांबला. कापडावर त्याचा हिरवा ठिपका पसरत गेला. जावयानं तोंड फिरवलं. त्यांनी मान हलवली, गणिताचं उत्तर पटल्यासारखी, आणि गोल काढायला घेतला. सावकाश काढत होत्या. ताटाएवढा काढला, मग परातीएवढा, शेजारच्या दोन गोलांवरून नेला, आणि जिथून सुरू केला होता तिथं आणून मिटवला. मग मान वर करून माझ्याकडं पाहिलं, बरोबर आहे ना, असं.

तो डाग माझ्या तळहाताएवढा होता. मी हो म्हटलं.